मिश्र वापराच्या इमारतीत गाळ्याचा वापर बदलताना वर्गवारी कशी ठरवावी

तळमजल्यावर दुकाने, पहिल्या मजल्यावर कार्यालये आणि त्यावर सदनिका अशी रचना पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर या शहरांत जागोजागी दिसते. अशा इमारतीतले एखादे कार्यालय रिकामे होते, तेथे कोचिंग क्लास, रुग्णालय, उपाहारगृह किंवा व्यायामशाळा सुरू करायचे ठरते, भाडेकरार नोंदवला जातो, गुमास्ता निघतो, फर्निचरचे कामही सुरू होते. आणि इमारतीच्या नियमांच्या दृष्टीने तो गाळा आता कोणत्या वर्गात मोडतो, हा प्रश्न मात्र अग्निशमन विभागाची नोटीस हातात पडेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक हा प्रश्न करारावर सही करण्याच्या आधीचा आहे. वर्ग बदलला की जिन्याची रुंदी, पॅसेजची लांबी, वाहनतळ, आग विझवण्याची यंत्रणा आणि स्लॅबवरचा भार या सगळ्यांचे निकष बदलतात, आणि त्यातले काही निकष त्या इमारतीत कितीही पैसे खर्च केले तरी पूर्ण होण्यासारखे नसतात.

यामागची कायद्याची चौकट आधी समजून घ्यावी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २ मधील ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही येतो. त्यामुळे एक वीटही न हलवता केवळ वापर बदलला, तरी कलम ४३ नुसार नियोजन प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी कोणत्या अटींवर मिळेल ते मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ प्रमाणे ठरते. राज्याच्या बहुतेक उर्वरित भागात ३ डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली, म्हणजे बोलण्यातली यूडीसीपीआर, लागू आहे. आगीपासूनच्या सुरक्षेसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा वेगळा कायदा आहे. वर्गवारीचा मूळ आराखडा मात्र भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत, तिच्या २०१६ च्या आवृत्तीच्या चौथ्या भागात सापडतो. संहिता स्वतः कायदा नाही, पण स्थानिक नियमावल्या आणि अग्निशमन विभाग तिचाच आधार घेतात. स्थानिक नियमावलीत एखाद्या बाबीचा वेगळा आकडा दिला असेल तर आधी तो पाळावा, आणि अर्जाच्या दिवशी लागू असलेल्या सुधारणाही तपासाव्यात.

आधी मंजूर वापर कोणता ते पाहावे

वापर बदलायचा म्हणजे मुळात मंजूर झालेला वापर कागदावर काय आहे ते माहीत हवे. त्यासाठी शेवटचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र ही दोन कागदपत्रे लागतात. करआकारणीचा उतारा, वीजबिल किंवा गुमास्ता हा मंजूर वापराचा पुरावा नव्हे. कर खाते प्रत्यक्षात जो वापर चालू दिसेल त्यावर कर लावते, आणि त्यामुळे तो वापर अधिकृत होत नाही. सोसायटीच्या दप्तरात नकाशा नसेल, आणि जुन्या इमारतींच्या बाबतीत तो पुष्कळदा नसतोच, तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा; तेथे दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली मागणी करावी.

नकाशा हाती आल्यावर तो गाळ्यात उभे राहून, टेप हातात घेऊन वाचावा. नकाशातील पोटमाळा जेवढा दाखवला आहे तेवढाच आहे का, दोन गाळ्यांमधली भिंत जागेवर आहे का, मागच्या बाजूचा सामाईक पॅसेज कोणी आत घेतला आहे का, वाहनतळाच्या जागेत शटर बसवले आहे का, हे सगळे एकदा पाहून घ्यावे. मंजुरीबाहेरचे बांधकाम आढळले तर ते आधी काढावे लागते किंवा नियमात बसत असेल तर नियमित करून घ्यावे लागते. तसे न करता दाखल केलेला वापरबदलाचा अर्ज पहिल्याच स्थळपाहणीत अडकतो.

त्याच बैठकीत भूखंडाचा झोन आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांचीही खात्री करून घ्यावी. निवासी विभागात कोणते व्यवसाय, कोणत्या मजल्यावर आणि किती रुंद रस्त्यावर चालतात हे नियमावलीत नेमून दिलेले आहे, आणि तेथेच नकार मिळणार असेल तर पुढच्या हिशेबाला अर्थ उरत नाही.

गट कसा ओळखावा

राष्ट्रीय इमारत संहितेत इमारतींचे नऊ गट आहेत: निवासी हा ए, शैक्षणिक बी, संस्थात्मक सी, जमाव एकत्र येण्याच्या जागा डी, कार्यालयीन ई, दुकाने व बाजार एफ, औद्योगिक जी, साठवणुकीचा एच आणि धोकादायक पदार्थांचा जे. प्रत्येक गटात पोटवर्ग आहेत. सदनिकांची इमारत ए-४ मध्ये येते, ५०० चौरस मीटरपर्यंतची दुकाने एफ-१ मध्ये, त्याहून मोठी एफ-२ मध्ये, तर कार्यालये, बँका आणि वास्तुविशारद, वकील, डॉक्टर यांच्या व्यवसायाच्या खोल्या ई-१ मध्ये येतात.

यादी वाचून आपला व्यवसाय ज्या नावाशी जुळेल तो गट उचलणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी रीत आहे. मला विचाराल तर पाटीवरचे नाव बाजूला ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात: एका वेळी आत किती माणसे असतील, ती झोपलेली किंवा आजारी असतील का, आणि आग लागल्यास ती स्वतःच्या पायांनी, कोणाच्या मदतीशिवाय बाहेर पडू शकतील का. संहितेच्या व्याख्या नीट वाचल्या तर त्या याच गोष्टींभोवती बांधलेल्या आहेत असे दिसते.

कोचिंग क्लासचे उदाहरण घेऊ. शिकवण्यासाठी, शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी किमान २० विद्यार्थी एकत्र येत असतील तर ती जागा शैक्षणिक गटात मोडते. त्यात बी-१ हा शाळांचा पोटवर्ग आहे आणि बी-२ इतर प्रशिक्षण संस्थांचा. कोचिंग क्लास बी-२ मध्ये जातो. घरच्या दिवाणखान्यात आठ-दहा मुलांची शिकवणी घेणाऱ्या बाईंना हा गट लागू होत नाही, पण ‘एज्युकेशन कन्सल्टन्सीचे ऑफिस’ म्हणून दाखवलेल्या जागेत तीन वर्गखोल्या असतील तर त्या जागेला कार्यालय म्हणता येणार नाही. पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या अभ्यासिकांबाबतही मी हाच निकष लावीन. संहितेत ग्रंथालये ई-२ मध्ये आहेत हे खरे. परंतु जेथे पुस्तके नावापुरती आणि साठ विद्यार्थी सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीला खुर्ची लावून बसलेले, तेथे शैक्षणिक गटाचे निकष धरून चालणेच योग्य. दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये २७ जुलै २०२४ रोजी एका कोचिंग संस्थेच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला; त्या तळघराला ग्रंथालयाची परवानगीच नव्हती. तळघर साठवणुकीसाठी किंवा वाहनतळासाठी मंजूर असेल तर तेथे माणसे बसवण्याचा प्रस्ताव मुळातच मांडू नये.

दवाखाना आणि रुग्णालय यांच्यातली रेषा त्याहून नाजूक आहे. केवळ तपासणी करणारा डॉक्टर ई-१ मध्ये, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा ई-२ मध्ये. पण स्वतःचा जीव स्वतः वाचवू न शकणारी माणसे जेथे ठेवली जातात ते रुग्णालय किंवा नर्सिंग होम सी-१ मध्ये येते. ‘आमच्याकडे रात्री कोणी राहत नाही, म्हणजे हा दवाखानाच’ असा युक्तिवाद डे-केअर शस्त्रक्रिया केंद्रे आणि डायलिसिस केंद्रे यांच्याकडून केला जातो. भूल दिलेला किंवा यंत्राला जोडलेला रुग्ण दुपारी बारा वाजताही जिना उतरू शकत नाही. तेव्हा अशा केंद्राचा प्रस्ताव सी-१ च्या निकषांवर तयार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली आरोग्य विभागाकडे होते. ती वेगळी बाब आहे, आणि ती मिळाली म्हणून वापरबदलाची परवानगी मिळाली असे होत नाही.

उपाहारगृह, व्यायामशाळा, नृत्यवर्ग, छोटे सभागृह यांच्यासाठी ५० हा आकडा लक्षात ठेवावा. करमणूक, समारंभ किंवा तत्सम कारणासाठी किमान ५० माणसे जमणारी जागा डी गटात जाते. बारा टेबलांचे उपाहारगृह सहज या रेषेजवळ पोचते. आसने ४८ दाखवून डी गट टाळण्याची क्लृप्ती नकाशावर चालून जाईल, पण क्षेत्रफळावरून काढलेली संख्या त्याहून जास्त निघाली तर तपासणारा अधिकारी तीच धरतो.

निवासी गटाच्या आतही वर्ग बदलू शकतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कुटुंब राहते ती सदनिका ए-४; पण खोल्याखोल्यांत खाटा टाकून विद्यार्थ्यांना किंवा नोकरदारांना जागा दिली की ते लॉजिंग, म्हणजे ए-१, किंवा सामाईक शयनगृह, म्हणजे ए-३ होते. बाहेरच्यांना खोली द्यायची तर एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसे नसावीत ही मर्यादा संहिता खासगी घरांसाठी घालते, आणि सदनिकेतले पेइंग गेस्ट हे घर राहिले की वसतिगृह झाले हे ओळखायला ती चांगली खूण आहे.

मुख्य वापराला पूरक असलेला छोटा वापर मुख्य वापराच्याच गटात धरला जातो. कार्यालयातली बैठकीची खोली किंवा दुकानामागची साठवणुकीची खोली यांच्यासाठी वेगळा गट शोधत बसू नये.

शेजारच्या गटांचा परिणाम

आपल्या गाळ्याचा गट ठरला म्हणजे निम्मेच काम झाले. एका इमारतीत एकापेक्षा जास्त प्रकारचे वापर असतील तर अग्निसुरक्षेच्या दृष्टीने संपूर्ण इमारतीने अधिक धोक्याच्या वापराचे निकष पाळले पाहिजेत, आणि अधिक धोक्याचा भाग चार तास, म्हणजे २४० मिनिटे, आग रोखून धरणाऱ्या भिंतींनी तोडलेला असल्याखेरीज दोन वापरांचा विचार स्वतंत्रपणे करता येत नाही, असे संहिता सांगते. आपल्याकडच्या इमारतींत दुकाने, कार्यालये आणि सदनिका यांचा जिना एकच असतो, लिफ्टची पोकळी एकच असते, विजेच्या तारांचा उभा डक्टही एकच असतो, आणि त्याची भोके प्रत्येक मजल्यावर उघडी असतात. अशा ठिकाणी ‘आमचा भाग वेगळा आहे’ हे म्हणणे टिकत नाही. मार्च २०२१ मध्ये मुंबईत भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावर कोविड रुग्णालय चालू होते, आणि मॉलमधला धूर तेथवर पोचून रुग्ण दगावले. खाली बाजार आणि वर अंथरुणाला खिळलेली माणसे ही जोडी किती घातक ठरते हे त्या रात्री सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

अधिक धोक्याचा गट कोणता हे अक्षरांच्या क्रमाने ठरत नाही. एखाद्या बाबतीत रुग्णालय कडक असते, दुसऱ्या बाबतीत दुकान. म्हणून एका मोठ्या कागदावर इमारतीतले सगळे गट उभ्या रकान्यांत मांडावेत, डाव्या बाजूला एकेक निकष लिहावा, म्हणजे जिन्याची रुंदी, बंद टोकाच्या पॅसेजची लांबी, बाहेर पडण्याच्या वाटेचे अंतर, धूरशोधक, स्प्रिंकलर, पाण्याच्या टाकीची क्षमता, आणि प्रत्येक ओळीतला सर्वांत कडक आकडा खुणावून ठेवावा. हा तक्ता वास्तुविशारदाकडून मागून घ्यावा. तो देता येत नसेल तर त्यांनी वर्गवारी केलेलीच नाही असे समजायला हरकत नाही.

या तक्त्यात आणखी एक ओळ हवी, ती म्हणजे ‘विशेष इमारत’, म्हणजे अग्निसुरक्षेचे अधिक कडक निकष लागणारी इमारत, होते का याची. उंची १५ मीटर झाली की संहितेनुसार इमारत उंच गणली जाते हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु शैक्षणिक आणि संस्थात्मक इमारती ९ मीटर उंचीपासूनच, आणि जमाव एकत्र येण्याच्या इमारती कोणत्याही उंचीला, विशेष इमारतींत मोडतात; मिश्र वापराच्या इमारतीत कोणत्याही एका मजल्याचे क्षेत्र ५०० चौरस मीटरहून अधिक असेल तरीही तसेच. तळमजला आणि वर चार मजले अशी सुमारे साडेचौदा मीटर उंचीची, लहान मजल्यांची इमारत आजवर यापैकी कशातच बसत नव्हती, आणि पहिल्या मजल्यावर क्लास येताच अग्निशमन अधिकारी ९ मीटरच्या मर्यादेवर बोट ठेवू शकतात. तो आक्षेप येईल असे गृहीत धरूनच तयारी करावी.

माणसांचा हिशेब

आता अशाच एका कल्पित इमारतीतले पहिल्या मजल्यावरचे २५० चौरस मीटरचे कार्यालय घेऊ आणि तेथे क्लास करायचा आहे असे मानू. संहितेच्या तक्त्यात कार्यालयासाठी दर माणशी १० चौरस मीटर धरले आहेत, म्हणजे तेथे २५ माणसे होतात. शैक्षणिक वापरासाठी दर माणशी ४ चौरस मीटर, म्हणजे ६३ माणसे. सदनिकांसाठी हेच प्रमाण साडेबारा चौरस मीटर आहे, रस्त्याच्या पातळीवरच्या दुकानासाठी ३ आणि वरच्या मजल्यावरच्या दुकानासाठी ६. आता संचालकांकडून बाकांची मांडणी मागवून घ्यावी. तीन खोल्यांत चाळीस-चाळीस मुले बसणार असतील तर आकडा १२० होतो, आणि हिशेबात ६३ ऐवजी १२० धरावेत. संध्याकाळी एक तुकडी सुटत असताना दुसरी जिन्यात उभी असते हेही विसरू नये. तुकड्यांमध्ये वीस मिनिटांचे अंतर ठेवण्याची अट मी करारातच घालायला सांगेन.

जिन्याची क्षमता दर माणशी १० मिलिमीटर या प्रमाणात मोजतात. त्याप्रमाणे १२० मुलांना १.२ मीटर पुरतात असे दिसेल, आणि इमारतीचा जिना १.२५ मीटर असल्याने प्रश्न सुटला असे वाटेल. तसे नाही. संहितेतील किमान रुंदी सदनिकांच्या इमारतीसाठी १.२५ मीटर असली तरी शैक्षणिक इमारतीसाठी ती १.५ मीटर आहे, आणि क्षमता व किमान रुंदी या दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण व्हाव्या लागतात. जिना रुंद करणे म्हणजे इमारतीचा गाभाच फोडणे. त्यामुळे येथे दोनच मार्ग उरतात: क्लाससाठी बाहेरच्या बाजूने, नियमांनुसार सोडायच्या मोकळ्या जागेला धक्का न लावता, स्वतंत्र जिना बांधणे, किंवा हा प्रस्ताव सोडून देणे.

पॅसेजचेही असेच आहे. बंद टोकाचा पॅसेज, म्हणजे ज्याच्या शेवटाकडून बाहेर पडता येत नाही आणि धूर भरला तर मागेच फिरावे लागते असा, शैक्षणिक, संस्थात्मक आणि जमावाच्या वापरासाठी ६ मीटरपेक्षा लांब चालत नाही. इतरांसाठी ही मर्यादा १५ मीटर आहे. आपल्या कल्पित कार्यालयात जिन्यापासून टोकाच्या खोलीपर्यंत ११ मीटरचा पॅसेज असेल तर कार्यालय म्हणून तो निर्दोष होता, क्लास म्हणून सदोष आहे. येथे मात्र उपाय निघू शकतो: टोकाची भिंत बाहेरच्या जिन्यावर उघडली की पॅसेज बंद टोकाचा राहत नाही आणि जिन्याच्या रुंदीचा प्रश्नही त्याच वेळी हाताळला जातो. जागा पाहायला जाताना असा बाहेरचा कोपरा मोकळा आहे का, हे मी सर्वांत आधी पाहीन.

सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ रोजी लागलेल्या आगीत २२ विद्यार्थी गेले. व्यापारी इमारतीच्या वरच्या भागात क्लास चालत होता, वाट अडली आणि मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. जिन्याच्या आणि पॅसेजच्या या आकड्यांवर अडून बसणाऱ्या अधिकाऱ्याला त्रासदायक म्हणण्यापूर्वी ती मुले आठवावीत. जिन्याखाली मीटर, जिन्यात चपलांचे रॅक, दर्शनी खिडक्यांवर क्लासच्या जाहिरातीचे फ्लेक्स हे सगळे परवानगीच्या आधीच काढून टाकावे.

उपाहारगृहाचा हिशेब वेगळा पडतो. जेवणाच्या जागेसाठी दर माणशी १.८ चौरस मीटर धरले तर १५० चौरस मीटरच्या दालनात ८३ माणसे होतात आणि जागा सरळ डी गटात जाते. स्वयंपाकघर, गॅस सिलिंडरची जागा आणि धुराची चिमणी कोणत्या मार्गाने वर जाणार हे येथे कळीचे प्रश्न आहेत, कारण चिमणी सदनिकांच्या खिडक्यांवरून जाणार असेल तर सोसायटीची संमती मिळणे अवघड.

स्लॅब, वाहनतळ आणि सोसायटी

वापर बदलला की स्लॅबवरचा भारही बदलतो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, वर्गखोल्यांसाठी ३ आणि किरकोळ विक्रीच्या दुकानांसाठी ४ किलोन्यूटन भार धरला आहे. पुस्तकांची दाटीवाटीची कपाटे आणि व्यायामाची अवजड यंत्रे त्याहूनही जड पडतात. सदनिकेच्या मजल्यावर दुकान आणायचे म्हणजे तो स्लॅब दुप्पट भारासाठी तपासायचा. रुग्णालय आणि शाळा यांना भूकंपाच्या मानकात, म्हणजे भारतीय मानक १८९३ मध्ये, महत्त्वगुणांक, म्हणजे इमारतीच्या महत्त्वानुसार भूकंपाचा भार वाढवून धरण्याचा गुणक, १.५ आहे, तो सर्वसाधारण इमारतींपेक्षा जास्त आहे. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घेताना ‘इमारत सुस्थितीत आहे’ एवढ्या वाक्यावर समाधान मानू नये. प्रस्तावित वापर, धरलेला भार आणि तपासलेले तुळया-खांब यांचा उल्लेख असलेला अहवालच मागावा.

वाहनतळाची गरज नियमावलीतल्या तक्त्यावरून वापरानुसार नव्याने मोजली जाते आणि जुन्या इमारतींत तेथेच गाडे अडते. स्वच्छतागृहांची संख्याही गटानुसार वाढते. लोकांची ये-जा असलेल्या जागेत दिव्यांग व्यक्तींना चढण्यासाठी उतार आणि वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह हवे, आणि ते नकाशावर दाखवावे लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत उपविधींनुसार समितीची परवानगी लागते, आणि महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालची इमारत असेल तर घोषणापत्र काढून वाचावे, कारण प्रत्येक अपार्टमेंट कोणत्या कारणासाठी आहे आणि वापरावर कोणते निर्बंध आहेत हे त्यात लिहिलेले असते. ना हरकत दाखला मागायला जाताना वर सांगितलेला तक्ता, माणसांचा हिशेब आणि जिन्याचा नकाशा सभेपुढे ठेवावा. वर राहणाऱ्या कुटुंबांच्या सुरक्षिततेची अट खाली येणाऱ्या वापरामुळे बदलणार आहे. तेव्हा ती माहिती त्यांना पूर्ण मिळणे हा त्यांचा हक्क आहे. सोसायटीने होकार दिला म्हणून महापालिकेची परवानगी टळत नाही, आणि महापालिकेने परवानगी दिली म्हणून सोसायटीला डावलता येत नाही.

अर्ज आणि त्यानंतर

अर्ज नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन प्रणालीतून, दाखल होतो. त्यात मंजूर नकाशा, प्रस्तावित नकाशा, मालकीचा पुरावा, सोसायटीचा ना हरकत दाखला, स्ट्रक्चरल अहवाल आणि अग्निसुरक्षेचा आराखडा जोडावा. या सगळ्यावर वर्गवारीचे एक स्वतंत्र पान असावे असा माझा आग्रह आहे: आजचा गट व पोटवर्ग, प्रस्तावित गट व पोटवर्ग, तो का निवडला याची दोन-तीन वाक्ये, इमारतीतले इतर गट, माणसांची संख्या आणि ती कशी काढली. दवाखाना की रुग्णालय, ग्रंथालय की वर्ग अशी शंका असेल तेथे ती झाकू नये. ती मांडून अधिकाऱ्यांचे लेखी मत मागावे. तोंडी आश्वासन अधिकारी बदलले की उरत नाही, आणि फाइलवरचे मत राहते.

वापरबदलावर नगररचना अधिनियमाच्या कलम १२४-अ खाली विकास शुल्क आकारले जाऊ शकते, ते अंदाजपत्रकात धरावे. अग्निशमन विभाग आधी तात्पुरता ना हरकत दाखला देतो आणि त्यात करावयाच्या उपाययोजनांची यादी असते. ती कामे परवानाधारक एजन्सीकडून करून तिचे नमुना ‘अ’ मधील प्रमाणपत्र घ्यावे, त्यानंतर अंतिम दाखला आणि सुधारित भोगवटा प्रमाणपत्र मिळवावे. फर्निचर आणि फॉल्स सीलिंगचे काम तात्पुरता दाखला हाती येण्यापूर्वी सुरू करू नये, कारण स्प्रिंकलरच्या नळ्या आणि धूरशोधकांच्या तारा सीलिंगच्या वरून जातात आणि तयार सीलिंग पुन्हा उतरवण्याचा खर्च भाडेकरूच्या माथी बसतो. करारातही तसे कलम घालून ठेवावे: सुधारित भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत भाडे सुरू होणार नाही, आणि परवानगी नाकारली गेल्यास अनामत रक्कम परत मिळेल.

वापर सुरू झाल्यावर यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ मधील प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत घेऊन अग्निशमन विभागाकडे द्यावे लागते. ते कोणी काढायचे, गाळेधारकाने की सोसायटीने, आणि सामाईक पंप व टाकीचा खर्च कोणत्या प्रमाणात वाटायचा, याचा ठराव पहिल्याच सभेत करून घ्यावा. वीजजोडणीचा मंजूर भार आणि दरवर्गही नव्या वापराप्रमाणे बदलून घ्यावा. पुढे विद्यार्थी वाढले, एखादी खोली जोडून घेतली किंवा क्लासच्या जागी दुसराच व्यवसाय आला, तर माणसांचा हिशेब नव्याने मांडून वर्गवारीचे तेच पान पुन्हा भरावे.